एक वायर तर काढली

मंगळवार, ९ डिसेंबर. करमाड.

आज शेंद्र्याला आमच्या कंपनीत नेट बंद पडलं. नेटवर्कवाले साहेब सुट्टीवर, फोन उचलेनात. माझं काम प्रिंटरचं नि पासवर्डचं, पण म्हटलं बघू तरी. स्टोअरमधल्या स्विचपाशी, नेटच्या सगळ्या वायरी जिथं जुळतात त्या डब्यापाशी गेले. लोंबणारी वायर बरी दिसत नाय म्हणून कुणीतरी तिचं मोकळं टोकही त्याच स्विचमध्ये खोचून ठेवलं होतं. दोन्ही टोकं एकाच डब्यात, मग नेट तिथंच गरगरत बसणार. टोक ओढलं, दोन मिनिटांत सगळं सुरू.

मॅनेजर हसून म्हणाले, "एक वायर तर काढली मॅडम, त्यात काय एवढं?"

तेच डोक्यातून जात नाय. त्यात काय एवढं?

घरी आले तर दादा परीक्षेचा फॉर्म उघडून बसलेला. त्याचा एकच धोशा, "हार्डवेअरचं सर्टिफिकेट घे. तुला सगळं येतं, पहिल्या झटक्यात पास होशील." कालपर्यंत मलाही पटत होतं. पण जे चार वर्षं रोज करते, त्याचाच कागद कशाला? आज प्रिंटरवाली आहे, उद्या सर्टिफिकेटवाली प्रिंटरवाली होईन.

मी नेटवर्किंगवर टिक केली.

"लई अवघड असतं ते. नापास झालीस तर?"

"तर परत देईन."

मला त्यातलं अजून अर्धंच कळतं, हे खरंय. पण एक वायर तर काढली, म्हणे. त्या स्विचमध्ये बावीस वायरी होत्या, साहेब. काढायची ती एकच होती.