दीड इंच माया

आई, परवा दवाखान्यात नर्सबाईंनी माझ्या कमरेला टेप लावला आणि मला तूच आठवलीस. माप घेताना तू टेपच्या आत आपलं एक बोट ठेवायचीस, कापड काचू नये म्हणून. या बाईंनी बोटबीट काही ठेवलं नाही, नुसता आकडा वाचला. डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे, अजून आजार नाही. जेवण सुधारा, रोज चाला, टळेल. टळेल, हा शब्द तुला कुणी सांगितलाच नाही गं.

सोनईतली आपली ती खोली. दारातच शिलाई मशीन, मागे स्टोव्ह, राहणाऱ्या आपण दोघीच. सकाळी तू मशीनवर बसतेस ती दिवेलागणीलाच उठतेस. गिऱ्हाईक आलं की चहा, साखर सढळ हाताने, आणि तिच्याबरोबर तुझाही कप. माझ्या ताटात उरलेलं, कालची खीर, सगळं तुझ्या पोटात, कारण अन्न टाकू नये. ब्लाउज शिवताना शिवणीत दीड इंच कापड जादा सोडायचीस, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात, हे मी तुझ्याकडूनच शिकले. "बाईचं अंग सुटायचंच. कापडानं आधीच तयारी ठिवावी," म्हणायचीस. तुझ्या स्वतःच्या ब्लाउजांची माया दर दिवाळीला उसवत गेली आणि शेवटी बगलेत वेगळ्या रंगाची पट्टी आली. मावशीकडच्या लग्नात मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आईच्या ब्लाउजला आता मायाच उरली न्हाई!" सगळ्या हसल्या, तूही हसलीस. जीभ झडायला हवी होती माझी.

एकदाच तुला म्हणाले होते, जरा वेशीपर्यंत चालून येत जा. तू फणकारलीस, "माझे पाय दिवसभर चालत्यातच की! पायडल काय तू मारतीस? लई शानी झालीस." खरंच होतं, तेवढंच तुझं चालणं. तेही मी काढून घेतलं. नगरला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात तुझ्या मशीनला मोटर बसवून दिली. येणाऱ्या प्रत्येकीला तू सांगायचीस, "लेकीनं माझ्या पायांना पेन्शन दिली!" मग तुला सारखी तहान लागायला लागली, अंगठ्याची जखम भरेना. मी म्हणायचे उन्हाळा आहे, चप्पल चावली असेल. नगरला आणलं तोवर उशीर झाला होता. एका मोटरीनं कुणी मरत नाही, हे मलाही कळतं. तरी मन ऐकत नाही.

आता मी चालते. कॉलनीच्या मैदानाला रोज सकाळी चार फेऱ्या. बाकीच्या जोडीजोडीने गप्पा मारत जातात, मी आपली एकटी. चहा बिनसाखरेचा, शी! सगळ्यात अवघड जेवण. एका भाकरीसाठी परात काढणं जिवावर येतं. इतकी वर्षं ओट्याशी उभी राहून खारी-बटर चहात बुडवून भागवलं. आता भाकरी थापते, मटकीची उसळ करते, काकडी चिरते आणि ताट घेऊन नीट खाली बसते. अजून वाढू का, असं विचारणारं कुणी नाही. डॉक्टरांच्या हिशेबाने ते बरंच म्हणायचं.

नोकरीवर रुजू होताना तू शिवलेला जांभळा ब्लाउज अजून आहे. त्याची माया मी कधीच उसवून संपवली होती, आणि आता तो सैल व्हायला लागलाय. काल सोनईहून आणून ठेवलेलं तुझं मशीन पुसलं, मोटर काढली, जुना पट्टा चढवला आणि शिवण आत घेतली. बोटभर माया परत आली. कात्री हातात होती, पण कापली नाही.

हे पत्र मशीनच्या खणात ठेवते, बॉबिनींच्या खाली. एकच सांगायचं राहिलं. ब्लाउजचं काम दहा मिनिटांचं होतं. ते संपल्यावर मी दोरा काढून टाकला आणि संध्याकाळभर तशीच पायडल मारत बसले. खालच्या काकूंनी जिन्यातून हाक मारली, "मशीनचा आवाज येतोय, घरी कुणी आलंय का हो?"

मी हो म्हणाले.