बिनमिठाचा डबा

२८ मार्च

पुढे कधीतरी ही वही वाचणाऱ्या, चष्मा कपाळावर आहे. उगाच खिसे चाचपू नकोस! हे सगळं तू विसरणारच, म्हणून तर लिहून ठेवतेय.

लिहितेय म्हणजे सांगतेय. मला अक्षर येत नाही. लिहून घेतायत जावईबापू. एरवी बस चालवतात. सध्या बस डेपोत आणि हे घरात. मी लेकीकडे चार दिवसांसाठी आले, पाचव्या दिवशी साथीमुळे सगळं बंद. लेक नर्स. घरी आजार नको म्हणून हॉस्पिटलच्या वसतिगृहातच राहायला गेली. जाताना ही वही दिली. म्हणाली, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलणार नाही, निदान हिच्याशी तरी बोल.

खरंच आहे. बारा वर्षांत जावयाशी माझं बोलणं 'आलात?' आणि 'बसा' एवढंच. आता मी सांगेन ते यांना मुकाट्यानं लिहावं लागतं. असं सुख आयुष्यात मिळालं नव्हतं!

३० मार्च

आज शोध लागला! हे आधी अक्षरं काढतात, मग त्यांच्या डोक्यावरून सर्रकन रेघ ओढतात — दोरीवर धुणं वाळत घातल्यासारखं. एक दोरी, एक शब्द. म्हणजे वाचता आलं नाही तरी मला मोजता येतं!

लगेच परीक्षा घेतली. मी सांगितलं, जावई इंजिनासारखे घोरतात. तीन शब्द. वहीत दोऱ्या दोनच. 'इंजिनासारखे' खाल्ला होता. लिहायला लावला.

२ एप्रिल

लेकीला रोज दुपारी डबा जातो. माझे गुडघे संपावर, म्हणून मी स्टुलावर बसून सांगते आणि हे करतात. चमचा गिअरसारखा ओढतात. कांदा चिरताना इतके रडले की लेकीला सासरी पाठवताना मीही तेवढी रडले नव्हते. पण ओटा कसा लखलखीत! या माणसाला मी बारा वर्षं घुम्या म्हणत आले. आज भाजी ढवळता ढवळता त्यांनी आपल्या बसचे सगळे थांबे एका दमात म्हणून दाखवले, कंडक्टरच्या आवाजात. हसून हसून मला ठसका लागला. हल्ली कुणी खोकलं की घर गप्प होतं.

डबा सायकलवरून हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत. संध्याकाळी लेकीचा फोन — भात चिकट, भाजी तिखट, आई तुझं लक्ष कुठे असतं. कान तृप्त!

५ एप्रिल

रस्त्यावर चिटपाखरू नाही. सिग्नल एकटाच लाल-हिरवा होत बसलाय. समोरच्या शिंप्याचं मशीन इतकं गोड वाजतं हे आजच कळलं. त्याने मास्क शिवून दिले — मला फुलाफुलांचा! सत्तरीत नवी फॅशन.

लेक फोनवर सांगत होती, या तापात माणसांची चवच जाते म्हणे. साखर आणि माती सारखीच. ऐकावं ते नवलच.

९ एप्रिल

तीन दिवस लेकीचा फोन नाही. ड्यूटी वाढली, हे सांगतात. मोबाइलवर लिहून पाठवते. हे वाचतात, मी मोबाइल डोळ्यांशी धरून दोऱ्या मोजते. एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

११ एप्रिल

आज गंमत! हे भाजीत मीठ विसरले. डबा जाऊन यांचं सायकलवरून परत येणंही झालं, मग जेवायला बसलो तेव्हा कळलं. एकमेकांकडे बघितलं आणि फुटलो. आता संध्याकाळी दोघांची धडगत नाही!

संध्याकाळी.

निरोप आला. 'आई, भाजी छान झाली.'

चार शब्द. मोजले. चारच.

माझी लेक. मीठ कणभर कमी पडलं तर ताट सरकवणारी!

मी म्हटलं, "जावईबापू, तिची चव गेलीय. कधीपासून?"

यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, पाच दिवस तिला ताप आहे. खोकल्याने बोलवत नाही, म्हणून फोन नाही. मला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिने. सांगता सांगता रडले. आज कांदा नव्हता.

१२ एप्रिल

हुकूम काढला. डब्यात मीठ घालायचं नाही. आपणही तेच जेवायचं. ज्या दिवशी पोरगी ओरडेल, त्या दिवशी ती बरी.

हे म्हणाले, "आई, ही कुठली डॉक्टरकी?"

लिहा म्हटलं.

१३ एप्रिल

'छान.' एक दोरी.

१४ एप्रिल

'छान.' घास उतरत नाही. मिठाचा दोष नाही.

१५ एप्रिल

निरोपच नाही. हे डबा देऊन तासभर फाटकाशी उभे राहिले. वॉचमन म्हणाला, डबा आत घेतलाय, एवढंच. घरी आले ते पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत बसले. मी म्हटलं, थांबे म्हणा. म्हणाले, हळूहळू. मी मोजले. बावीस.

१७ एप्रिल

एकच दोरी. पण शेवटी वाकडा आकडा आणि त्याखाली टिंब. हे काय म्हणून विचारलं, तर यांना हसू आवरेना, डोळे पुसवेनात. शेवटी वाचलं.

'मीठ?'

जीव भांड्यात पडतो म्हणतात. माझा डब्यात पडला!

लिहा, जावईबापू — चष्मा कपाळावर आहे. उद्या बटाट्याची भाजी, मीठ दोनदा चाखून. लिंबाची फोड वेगळी. आणि भात दुप्पट पाठवा. भांडायला अंगात ताकद लागते.