निळ्या मशिदीतले हत्तीपाय

प्रिय आये,

रिपोर्ट आला. फायलेरिया नाही! क्लिनिकमधून इथे कुवेतला, सलवातल्या घरी पोचले, चहासुद्धा टाकला नाही, आधी तुला लिहायला बसले. तू गेल्यापासून तुला सांगावं असं एवढं चांगलं काही घडलंच नव्हतं.

तू म्हणशील, हिला कसली धाड भरली होती? सांगते. ईदच्या सुट्टीत हे, ओवी आणि मी इस्तंबूलला गेलो. इथून विमानाने चारेक तास. उतरले तर उजवा पाय घोट्याशी टम्म सुजलेला, सँडलचा पट्टा लागेना. उजवाच, तुझ्यासारखा! मी ह्यांनाही बोलले नाही. सलवार खाली ओढली आणि चालत राहिले. हे कुणाकडून शिकले असेन, सांग बघू?

दुसऱ्या दिवशी निळी मशीद. दारातच चपला काढायच्या, माझा जीव वरखाली! पण बायकांना तिथे गुंडाळायला लांब कापड देतात, ते मी पार जमिनीपर्यंत सोडलं.

आत गेले आणि पाय विसरलेच. वर मोठा घुमट, त्याला टेकलेले अर्धे घुमट, त्यांच्याखाली आणखी लहान. भिंतींवर निळ्या फुलांच्या टाइल्स. आमची गाईड तिथलीच, मोठी बोलकी बाई. म्हणाली, ही बांधणारा सुलतान अगदी पोरगा होता. आधीचे सुलतान लढाई जिंकून त्या लुटीतून मशीद बांधायचे. ह्याने काही जिंकलं नव्हतं, सरळ खजिन्याला हात घातला, म्हणून मौलवी भडकले. हौस तर केवढी! समोर तेव्हाच हजार वर्षं जुनी आयासोफिया, मूळचं भव्य चर्च, तिच्या तोडीस तोड हवी. त्यात मिनार सहा, म्हणजे मक्केएवढे! पुन्हा बोंबाबोंब. शेवटी ह्याने मक्केला सातवा बांधून दिला, असं म्हणतात. मला त्या पोराची गंमतच वाटली.

मग ती म्हणाली, सगळ्या घुमटांचं ओझं उतरत उतरत चार खांबांवर येतं. आये, आमच्या टूरमधल्या सगळ्यांनी हात धरून कवेत घ्यायचा म्हटलं तर पुरे पडलो नसतो, एवढा एकेक खांब. जाणकार त्यांना बेढब म्हणून नावं ठेवतात. तिथल्या भाषेतलं त्यांचं नाव तिने इंग्रजीत समजावलं, आणि तुझे पुणेकर जावई मोठ्याने म्हणाले, "हत्तीपाय म्हणतात बघ ह्यांना!"

मी मटकन खालीच बसले. आपल्या घरात हा शब्द कधी कुणी उच्चारला होता का गं? तू जावयालाही "वात आसा" म्हणायचीस. फोटो काढताना, "कमरेच्या वरचोच काढ." कुवेतला ये म्हणून किती मागे लागले, तर तिथे रक्त तपासतात म्हणून आली नाहीस. अगं, ते इकामा, म्हणजे राहायचा परवाना, काढणाऱ्यांचं, चार दिवस लेकीकडे येणाऱ्यांचं नव्हे! विचारायचं तरी एकदा!

बसताना कापड सरकलं आणि ह्यांना पाय दिसला. हे शेजारी येऊन बसले. ओवीने वाकून बघितलं. "आजीला पण असंच होतं ना? व्हॉट वॉज इट?" माझ्या तोंडून सवयीने गेलं, "वात."

परत आल्या आल्या ह्यांनी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई केरळच्या. आज रिपोर्ट बघून म्हणाल्या, शिरांचा त्रास आहे, बँकेत दिवसभर बसून झालाय, घट्ट मोजे घाला आणि चाला. तुझं सांगितलं तर म्हणाल्या, "डास चावून होतो तो आजार. त्यात लाज कसली?" मी त्यांच्यासमोरच रडले. इतकं हलकं वाटलं, आये!

आणि तुझा रागही आला. त्याच पायावर मासळीची पाटी घेऊन बाजार केलेस, आम्हा तिघा भावंडांना शिकवलंस, आणि जन्मभर त्यालाच लुगड्याखाली लपवलंस. तिथे मशिदीत जगभरची माणसं त्या खांबांना टेकून फोटो काढत होती.

आता ओवी शाळेतून येईल. आज जेवताना तिला त्या आजाराचं खरं नाव सांगणार आहे, आणि तो पाय घेऊन तू काय काय केलंस तेही. हे माझं वचन समज. परवानगी मागत नाहीये हां, नुसतं कळवतेय.

तुजा चेडू,
सुनंदा