खान सरांच्या शेंगा

बुध., ३ नोव्हें. ७६
प्रबंधाचं पहिलं प्रकरण परत आलं. गाइड जाधव सर म्हणाले, "खोडमाशीवर काम चांगलं केलंस, पण हे इंग्रजी वाचून माझं डोकं उठलं. महिनाअखेर सुधारलं नाही तर सेमिनारला उभं करणार नाही." म्हणजे वर्ष गेलं. तिकडे येलदरीला बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत, पोरगी यंदा एम.एस्सी. होणार. कप्पाळ!
इंग्रजीच्या खान सरांकडे जायला सांगितलंय. दुपारी लायब्ररीच्या व्हरांड्यात बसतात म्हणे.

शुक्र., ५ नोव्हें.
गेले. खान सर पेन आणतच नाहीत! खिशात भुईमुगाच्या शेंगा. "वाच बेटा, मोठ्यानं." मी वाचायचं, त्यांनी शेंगा फोडायच्या. कट् कट् चालू असलं की वाक्य ठीक. हात थांबला की मी थांबायचं. सगळं पहिलं पान वाचलं, एक शेंग फुटली असेल तर शपथ.
म्हटलं, "सर, तुम्हीच दुरुस्त करून द्या ना."
"मग सेमिनारला मी उभा राहू का? काय म्हणायचंय ते मराठीत सांग."
सांगितलं, ज्वारीची पेरणी उशिरा झाली की माशी पडते आणि रोपाचे मधले पोंगे मरतात.
"मग हेच लिही की. एवढं नऊवारी कशाला नेसवलंस त्याला?"
लय राग आला. पुस्तकातून किती शोधून शोधून आणली होती ती वाक्यं!

मंगळ., ९ नोव्हें.
खोलीवरची शकू विचारते, "शिकायला जायलीस का शेंगा खायला?" खायला कुठल्या, सर एक दाणा देत नाहीत.
आज रडू आलं, त्यांच्यासमोरच. तर म्हणाले, मॅट्रिकपर्यंत ते उर्दूत शिकले, इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर लपायचे. "आमचे मास्तर छडी वाजवायचे, मी शेंगा वाजवतो. तरक्की आहे ना?" रडता रडता हसले.

सोम., १५ नोव्हें.
अर्धं पान न थांबता!! कट् कट् कट्. मी घाईनं वाचायला लागले तर म्हणतात, "आरामात बेटा, शेंगा लय हायत." आणि मूठभर माझ्यापुढे ठेवल्या. भाजलेल्या होत्या, गोड.

शनि., २० नोव्हें.
सर नाहीत. मुलीच्या बाळंतपणाला औरंगाबादला गेले. आणि माझं शेवटचं पान राहिलेलं. आता?
गेटवरून शेंगा घेतल्या, व्हरांड्यात एकटीच बसले. वाचत होते, फोडत होते. शिपाई बघून हसला, हसू दे. मध्येच माझा हात थांबला. बघितलं तर पुस्तकातलं वाक्य. मला फार आवडायचं म्हणून सरांच्या नकळत ठेवून दिलेलं. मराठीत सांगून बघितलं, सांगताच येईना.
काट मारली. कुणी सांगितलं नव्हतं. एवढा आनंद झाला की सगळ्या शेंगा तिथंच संपवल्या.

मंगळ., २३ नोव्हें.
प्रकरण दिलं. जाधव सर लाल पेन घेऊन बसले, मी दाराशी. पान उलटलं. पेन टेबलावर ठेवलं, पुढचं पान घेतलं. मग म्हणाले, "ठेवून जा. गुरुवारी ये." बास, एवढंच!
भीती वाटायलीय. पण जेवण मात्र नीट गेलं.
बाबांना कार्ड टाकलं: जयभीम. सेमिनारचं अजून कळलं नाही. पण लिहिलंय ते सगळं माझं आहे, तुम्हाला वाचून सांगेन.