बिनशेपटीचा ड्रॅगन आणि त्याचा रक्षक

रविवार, २ फेब्रुवारी
आजपासून नियमित रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या त्यांच्यामागे छापल्या जातात. ही छापायची नाही. तरी अक्षर नीट काढतो आहे.

संकल्प : आवाज जपायचा, भाषण वेळेत संपवायचं, सुनेशी वाद घालायचा नाही.

शेवटचा संकल्प पोह्यांच्या आधीच मोडला. दोष माझा नाही. सूनबाईने, म्हणजे मोनिकाने, बँकेतली चांगली नोकरी सोडली आणि आता तिला दुकान काढायचं आहे. कसलं? कार्डांचं. ड्रॅगन, पैलवान, क्रिकेटवाले अशी चित्रांची कार्डं मोठी माणसं जमवतात म्हणे, अदलाबदल करतात, टेबलावर मांडून खेळतात. त्याला हॉबी शॉप म्हणतात. आणि जागा कुठली? औरंगपुऱ्यामागची जुनी करोडगिरी कचेरी! निजामाच्या काळात बाहेरून येणाऱ्या मालावर जिथं जकात घेत, ती दगडी कमानींची वास्तू. आता आमच्या स्मृतिरक्षण मंडळाच्या ताब्यात. मंडळाचा अध्यक्ष मी. वास्तूला कुलूप, किल्ली माझ्या जानव्याला. रक्षण म्हणतात ते हेच.

मोनिका म्हणाली, नाना, बंद राहून छत गळायला लागलंय, आत वटवाघळं राहतात. मी म्हणालो, राहू देत, ती कार्डं विकत नाहीत.

शनिवार, ८ फेब्रुवारी, सायं. ७
मंडळाची बैठक. अजेंडा एकच, सूनबाईचा अर्ज. मी विरोधात बोलायला उभा राहिलो. तयारी जय्यत होती. रोम, विजयनगर, देवगिरी, सगळं वाचून गेलो होतो.

सुरुवात शांत केली. मग म्हणालो, मित्रहो, वास्तू कशाने मरते? परचक्राने? नाही. कुलपाने मरते! टाळ्या आल्या. टाळ्या आल्यावर मला मागे वळता येत नाही, हा माझा गुण आहे. म्हणालो, जिथं माणसाचं पाऊल नाही, तिथं दगडही निराधार होतो. तरुणांना आत येऊ द्या, उघडा ते दरवाजे! प्रचंड टाळ्या. सचिव तात्यासाहेबांना कमी ऐकू येतं, ते माझे सर्वांत जुने श्रोते, त्यांचेही डोळे पाणावले. सगळ्यांनी हात वर केले. अर्ज एकमताने मंजूर.

एकमतात माझंही मत धरलं आहे, हे रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

घरी येऊन द्वारकाला (आमच्या सौ.) सांगितलं, विचारपूर्वक निर्णय घेतला आहे. ती म्हणाली, अहो, मग चेहरा असा का? म्हटलं, वक्त्याचा थकवा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
मुळात ही कल्पना माझीच होती, असं आता स्पष्ट आठवतं.

पुरातत्त्वाची जाण असलेल्या तज्ज्ञांची समिती परवानगी देणार आहे. त्यांची अट एकच, दगडाला आणि चुन्याला हात लावायचा नाही. उद्घाटनाआधी पाहणी करतील. मोनिकाने वटवाघळं सावकाश बाहेर काढली, फरशी नुसती झाडून घेतली. मी म्हणालो, एवढंच? रंग नाही, काही नाही? ती म्हणाली, दगड श्वास घेतो नाना. मुलगी हुशार आहे, पण वाचन कमी.

रविवार, १६ फेब्रुवारी
रामप्रसाद नावाचा तरुण आला होता. पाचोडचा. वडील मेंढ्या राखतात, हा वाळूजला कंपनीत शिफ्ट करतो. पत्र्याची पेटी घेऊन आला. वाटलं, लग्नाचा बस्ता असेल. आत कार्डंच कार्डं! प्रत्येक कार्ड पातळ पिशवीत, पिशवी कडक प्लास्टिकच्या डबीत, आणि डब्यांमध्ये बुटांच्या खोक्यात निघतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या. पाचोडच्या बाजारातल्या चपलेच्या दुकानांतून त्याने त्या गोळा केल्या म्हणे.

सगळ्यात शेवटी एक डबी दोन्ही हातांनी काढली. आत चकाकणारा ड्रॅगन. छापताना त्याची शेपूट राहून गेली आहे. मी म्हणालो, अरे, हे तर डिफेक्टिव्ह आहे, दुकानदाराने बदलून दिलं असतं. तो घाबरलाच. म्हणाला, नानासाहेब, शेपूट नाय म्हणूनच तर एवढी किंमत हाय त्याला! देशात कुणाकडं असंल तर असंल. पुण्याहून लोक यायलेत बघायला.

हे कार्ड पाहायला लोक येणार, आणि त्यांच्यावर दुकान उभं राहणार, असा मोनिकाचा हिशेब. बाकीचे संग्राहकही रामप्रसादच्या भरवशावर आपापली कार्डं ठेवायला देणार आहेत. तो जाताना तिला म्हणाला, ताई, तुमच्यावर सोडून चाललो. मी पुढे होऊन म्हणालो, माझ्यावर! त्याने माझ्याकडे पाहिलं. विश्वासाने पाहिलं असावं.

गुरुवार, २० फेब्रुवारी, सकाळी
मोनिका आणि शिवराज (चिरंजीव) काचेची कपाटं आणायला पुण्याला गेले. रविवारी परततील. उद्घाटन सोमवारी. निघताना मोनिका म्हणाली, नाना, एकच विनंती. काहीही करू नका. ऊन, घाम आणि ओल, या तिघांपासून कार्डं सांभाळायची असतात, ती सगळी काळजी मी घेतलेली आहे.

थोडक्यात, संपूर्ण जबाबदारी माझ्यावर आली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
कचेरीत बसून चिंतन केलं. खांबांवर पानाचे डाग. समिती काय म्हणेल? मंडळाचा अध्यक्ष झोपला होता म्हणेल. पेंटर बोलावला. ऑइल पेंट, चॉकलेटी, चकचकीत. म्हणजे पुढे कुणी थुंकलं तरी दिसणार नाही. याला दूरदृष्टी म्हणतात. पेंटर म्हणाला, नाना, दगडाला कशाला, भिंतीला मारतात. मी त्याला वीस मिनिटं वारसा या विषयावर समजावलं. मग तो मुकाट्याने ब्रश बुडवू लागला.

खांब आरशासारखे झाले. माझं प्रतिबिंब दिसलं. भव्य होतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी, दु. १२
ऑइल पेंटच्या वासाने डोकं चढलं, पण बुद्धी तल्लख झाली. ड्रॅगनचा प्रश्न. एवढी मौल्यवान वस्तू आणि नुसत्या डबीत? उद्या कुणी चहा सांडला तर? माझी पदवी, आधार, पॅन, सातबारा, शिवराजची दहावीची मार्कलिस्ट, वक्तृत्व स्पर्धेतलं पहिलं प्रशस्तिपत्र, घरातलं सगळं लॅमिनेट आहे. पाण्यात टाका, काही होत नाही. मग या कार्डाने काय घोडं मारलं?

डबी उघडायला सुरी लागली. इतकी घट्ट? या पिढीला सुटसुटीतपणाच नाही.

दु. १
औरंगपुऱ्यातला झेरॉक्सवाला म्हणाला, काका, मशीन गरम आहे, आणि हे चमकीचं आहे, टाकू का? मी म्हणालो, निर्भयपणे टाक.

दु. १.१०
चमक गेली. अगदी काळी नाही, तव्यावर पापड विसरला की होतो तशी. कोपरे टोचू नयेत म्हणून झेरॉक्सवाल्याने ते न सांगता गोल कापून दिले. चांगला माणूस. आधी ड्रॅगनला शेपूट नव्हती, आता डोकंही नीट दिसत नाही. पण वॉटरप्रूफ आहे! नळाखाली धरून पाहिलं. थेंबही आत गेला नाही.

मोनिकाला सांगायचं की नाही? सरप्राइज ठेवावं.

रविवार, २३ फेब्रुवारी
सरप्राइज झालं.

रामप्रसाद मोनिकाच्या आधीच पोचला होता. त्याने कार्ड हातात घेतलं. उजेडाकडे धरलं. मग विचारलं, हे कुणी केलं? मी पुढे झालो आणि वस्तूंची नश्वरता व मानवी प्रयत्न यावर बोलू लागलो. तो म्हणाला, नानासाहेब, जरा गप ऱ्हावा.

आयुष्यात मला कुणी असं सांगितलं नव्हतं. आवाज चढवला असता तर उत्तर दिलं असतं. पण तो पायरीवर बसला. खिशातून बुटाच्या खोक्यातली ती पुडी काढली आणि कार्डाला चिकटवून ठेवली. सवयीने. मग त्याच्याच लक्षात आलं, आणि ती पुडी त्याने परत खिशात घातली.

पेटी उचलून तो पाचोडच्या गाडीला गेला. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांचेही फोन आले. आमची कार्डं नकोत ठेवायला, ताई.

मोनिका ओरडली नाही. म्हणाली, नाना, मी म्हटलं होतं काही करू नका. मी म्हणालो, काही न करणं हा माझा पिंड नाही. द्वारका आतून म्हणाली, या घरात जेवढ्या वस्तू ह्यांनी जपल्या नाहीत, तेवढ्याच शाबूत आहेत.

सोमवार, २४ फेब्रुवारी
समिती आली. खांबाला बोट लावलं. बोट चिकटलं. परवानगी नामंजूर. चुन्याला नि दगडाला श्वास कोंडणारा रंग दिल्याबद्दल मंडळाला समज. रंग जाणकारांकडूनच उतरवावा लागेल, तोवर वास्तू बंद.

म्हणजे माझी मूळ भूमिकाच बरोबर ठरली. इथे दुकान होऊ नये, असं मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो.

गुरुवार, २७ फेब्रुवारी
मराठी भाषा गौरव दिन. समितीने वास्तू बंद केली आहे, पायऱ्या बंद केलेल्या नाहीत. तिथंच व्याख्यान ठेवलं, विषय ‘जपणूक : एक जीवनदृष्टी’. श्रोते : तात्यासाहेब. वासाने त्यांनाही मळमळलं, मध्यंतराआधी गेले. उरलेलं भाषण पूर्ण केलं. आवाज चांगला लागला होता.

मोनिका दिवसभर बाहेर असते. जेवताना बोलत नाही. मीही फारसा बोललो नाही. शिवराजने विचारलं, नाना, बरं नाही का?

शुक्रवार, ७ मार्च
पाचोडला जाऊन आलो. घरी सांगितलं, खुलताबादला चाललो. रामप्रसादची माफी मागायचं भाषण लिहून नेलं होतं. त्याच्या आईने, पुतळाबाईंनी, ताक दिलं. म्हणाल्या, आधी प्या, मंग बोला. प्यायलो. मग कागद सापडेना. दुसऱ्या सदऱ्यात राहिला होता. तसाच बसलो. रामप्रसाद बराच वेळ बाहेर मेंढ्यांकडे बघत होता. शेवटी म्हणाला, नानासाहेब, पहिल्यांदाच तुमी बोलून नाय ऱ्हायले. मग म्हणाला, ताईला सांगा, येतो मी.

माझ्या वक्तृत्वाचा हा प्रभाव.

रविवार, २३ मार्च, सायं. ६
जालना रोडवर, डेअरीच्या वरच्या गाळ्यात मोनिकाचं दुकान उघडलं. फरशीचं, ट्यूबलाइटचं, इतिहास शून्य. पण गर्दी! रामप्रसादची पेटी आली, मागोमाग बाकीच्यांची कार्डं आली. दारात काचेत तो जळका ड्रॅगन ठेवला आहे, खाली पाटी, ‘कार्ड असं जपू नये’. लोक सर्वांत जास्त त्याचेच फोटो काढतात. म्हणजे दुकान शेवटी त्याच्यावरच चाललं, हे कुणीतरी नमूद करायला हवं.

रामप्रसादने मला एक कार्ड दिलं. स्वतः काढलेलं. त्यावर मी! हात वर, तोंड उघडं, मागे चॉकलेटी खांब. नाव ‘वक्ता’. खाली खेळाचा नियम : हे कार्ड टाकल्यास समोरच्याचा एक डाव जातो, टाकणाऱ्याचे दोन. मोनिका हसली. किती दिवसांनी.

सायं. ७.३०
निघताना पाहिलं, दारापाशी एका परातीत माझ्या त्याच चित्राच्या छापील कार्डांचा ढीग आहे. पाटी, ‘फुकट. घेऊन जा’. कुणी घेतलेली दिसत नाहीत. अर्थात, इतकी मौल्यवान गोष्ट उघड्यावर हाताळायला लोक कचरतात.

एक मी उचललं. नुसतं पुठ्ठ्याचं आहे, घाम लागला तर खराब होईल. उद्या सकाळी औरंगपुऱ्यात जाऊन लॅमिनेट करून आणतो.