पेटी उघडण्यापूर्वीची तयारी

३ फेब्रुवारी
आमच्या फायटोलिथवाल्यांच्या संघटनेनं खुलं विज्ञान समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे दिलं. बिनविरोध. बैठकीला माणसं कमी होती, पण बिनविरोध ते बिनविरोध. सगळ्यांचे फोटो, मोजमापं, डेटा वेबसाइटवर आणायचा, कोणालाही वापरता येईल असा. देवापुढे हात जोडले. संकल्प : पहिला डेटा माझा.

५ फेब्रुवारी
मेव्हण्याला फोनवर काम समजावलं. गवत कुजतं, पण त्याच्या पेशींत साचलेले काचेसारखे कण, म्हणजेच फायटोलिथ, मातीत हजारो वर्षं टिकतात. सूक्ष्मदर्शकाखाली आकार आणि माप बघून आम्ही वनस्पती ओळखतो. तो म्हणाला, "म्हणजे दाजी, तुम्हाला धूळ बघायचा पगार मिळतो!" हसलो. नंतर वाटलं, माणसाचंही असंच. बरंच कुजतं, थोडं उरतं. भाषणात घालावं.

११ फेब्रुवारी, सकाळी
डेटा टाकायला बसलो. तळ्याकाठच्या खोदकामातली माती. तिथली जुनी माणसं धान्य पेरत होती की रानातलं वेचून खात होती, हा आमच्यातला जुना वाद. इतरांकडे तिथली थोडी थोडी माती आहे, मुख्य थर माझ्याकडे. म्हणजे उत्तर माझ्या हार्ड डिस्कमध्ये. पेपर छापून आला की लगेच डेटा खुला. पेपरचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलंय. तोवर इतरांना आवाहनाचा ईमेल पाठवला.

२० फेब्रुवारी
दोन उत्तरं. एक आपोआप आलेलं, रजेवर असल्याचं. दुसरं शेजारच्या प्रयोगशाळेतल्या टोपीबाईंचं. (खड्ड्यात असोत की ऑफिसात, डोक्यावरची टोपी उतरत नाही.) लिहितात, "सर, आधी तुमचं दाखवा." स्वभाव एकेकाचा.
बायकोला वाचून दाखवलं. ती त्यांच्याच बाजूची. "अहो, सगळ्यांना डबे उघडा म्हणायचं आणि स्वतःचा मांडीखाली धरायचा, हे काय?" विज्ञानातलं तिला काय कळणार.

४ मार्च
टीकाकारांची तोंडं बंद. काही निवडक फोटो वेबसाइटवर टाकले. खालची मापपट्टी कापली. शोभा जात होती. पेरलेलं आणि रानटी धान्य मापावरूनच ओळखतात हे खरं, पण मी त्या हेतूनं कापली नाही.
संध्याकाळी प्रार्थनेत मन लागलं नाही. पोट बिघडलं असावं.

६ मार्च
टोपीबाईंचा ईमेल : "फोटो सुंदर. कॅलेंडर काढताय का?" मनातल्या मनात क्षमा केली. बराच वेळ करावी लागली.

१७ मे
भाषण गाजलं. 'ज्ञान दाबून ठेवणं हे पाप' या वाक्याला टाळी हमखास. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांचे डोळे भरून आले. म्हणाले, "आयुष्यभर कपाटाला कुलूप लावून बसलो हो. उद्याच सगळं देतो." कोणीतरी भाषणाच्या स्लाइड्स मागितल्या. दिल्या नाहीत; अजून हात फिरवायचाय.

९ जुलै
म्हाताऱ्यांनी खरंच सगळं दिलं! त्यांच्या मागोमाग इतरांनी. टोपीबाईंनीसुद्धा, मापपट्टीसकट. देवानं माझ्या वाणीला यश दिलं. आता माझा डेटा टाकतोच. फक्त पेपर होऊ दे. पहिलं वाक्य बदललंय.

१२ सप्टेंबर
टोपीबाईंचा फोन. आवाजात चक्क माया. त्या आणि म्हातारे प्राध्यापक मिळून तळ्याकाठच्या प्रश्नावर पेपर लिहिताहेत, सगळ्यांच्या खुल्या डेटावरून. ज्यांचा डेटा, ते सगळे लेखक. "महिनाअखेरपर्यंत तुमची मापं पाठवा ना सर. तुमच्याशिवाय बरं दिसत नाही." विचार करतो म्हणालो. फोन ठेवून हसलो. मुख्य थर माझ्याकडे. यांना उत्तर सापडणार कुठून?
बायको म्हणाली, "देऊन टाका हो. किती वर्षं बसलाय त्या तळ्यापाशी, आता उठा." तिला सांगितलं, महिनाअखेर लांब आहे.

३० सप्टेंबर
पाठवणारच होतो. फायलींची नावं सुधारताना दिवस संपला.

२१ नोव्हेंबर
अधिवेशन. टोपीबाईंनी पेपर वाचला. माणसं पेरतच होती. माझंही उत्तर तेच, पण ते मी कोणाला सांगितलंच नव्हतं. थोडी थोडी माती एकत्र केली तर पुरते, हे त्यांच्या लक्षात आलं. लेखकांच्या नावांनी पडदा भरला. मी आभारात : 'ज्यांच्या भाषणामुळे आम्ही पेट्या उघडल्या.' सभागृह उभं राहिलं. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. म्हातारे प्राध्यापक जवळ येऊन म्हणाले, "मन मोठं आहे तुमचं."

२३ नोव्हेंबर, सकाळी
प्रार्थना करून उठलो आणि सगळं वेबसाइटवर टाकलं. फोटो, मापं, पट्ट्या, काही राखलं नाही.

२३ नोव्हेंबर, दुपारी
टोपीबाईंचं उत्तर आलं : "सर, मनापासून आभार. तुमचा डेटा लगेच तपासला. आमच्याशी तंतोतंत जुळतो. म्हणजे तो नसता तरी चाललं असतं!"