हेग्गोळे धरणाचा जुना मेल सर्व्हर बंद न करण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता,
हेग्गोळे धरण मंडळ, मलनाड.

विषय : जुना मेल सर्व्हर चालू ठेवणे, धरणाचे दरवाजे उघडणे व होन्नेकेरी गाव तातडीने रिकामे करणेबाबत.
संदर्भ : जुना सर्व्हर आज बंद करण्याचा आपला लेखी आदेश.

महोदय,

सविनय सादर करते की, आपल्या आदेशानुसार कार्यालयातील सर्वांच्या मेलपेट्या मी गेल्या आठवड्यात बेंगळुरूच्या नव्या सर्व्हरवर हलवल्या. एकही पत्र गहाळ झाले नाही.

मात्र धरणाखालच्या बोगद्यात गळती मोजणारी यंत्रे आहेत. ती इशाऱ्याचे मेल आपणहून धाडतात. त्यांच्यातला पत्ता बदलणे कोणाच्याच ध्यानी आले नाही. इशाऱ्यांची नवी पेटी रिकामी राहिली आणि कार्यालय निर्धास्त झाले. आज बंद करण्यापूर्वी जुना सर्व्हर उघडला, तर तो इशाऱ्यांनी भरला होता. पूर्वी दिवसाकाठी एखादा येई. माझ्यादेखत ते एकामागून एक येत राहिले.

कार्यकारी अभियंता श्री. तिम्मप्पय्या यांच्या निदर्शनास ही बाब आणली असता ते म्हणाले, "नागवेणी, नव्यावर काही नाही ना? मग झालं तर. जुनं यंत्र म्हातारं झालंय, बरळतंय. बंद कर."

मी बंद केले नाही. पहारेकरी अण्णय्या यांना बोगद्यात पाहून येण्याची विनंती केली. ते कमरेपर्यंत भिजून परतले. "अक्का, पाणी गढूळ आहे," एवढेच बोलले. स्वच्छ पाणी झिरपणे नित्याचे आहे. गढूळ म्हणजे धरण आतून माती सोडते आहे, हे आपणांस सांगणे न लगे. तेव्हापासून श्री. तिम्मप्पय्या खुर्चीत बसून आहेत. दरवाजे उघडायला आपली सही लागते, हेच पुन्हा पुन्हा म्हणतात.

आपला फोन बैठकीमुळे बंद आहे. मेल केला नाही, कारण तो कुठे पोचेल याचा मला भरवसा उरलेला नाही. सबब हा अर्ज अण्णय्यांच्या हाती देत आहे.

धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या होन्नेकेरीत आज रथोत्सव आहे. सारे गाव नदीकाठी जमले आहे. आपल्या परवानगीवाचून मी तेथील पुजारी भट्टरांना फोन करून देवळाच्या भोंग्यावरून लोकांना डोंगराकडे जाण्यास सांगायला लावले. "रथ अर्ध्या वाटेत सोडायचा?" त्यांनी विचारले. सोडा, असे मी म्हणाले. याबद्दलची कारवाई केवळ माझ्यावर व्हावी.

आपल्या सहीच्या प्रतीक्षेत,
नागवेणी मंजय्या कोडगी
संगणक सहायक
दि. १९ नोव्हेंबर

ता. क. : सही करत असतानाच इशारे थांबले. सर्व्हर चालू आहे, तारही शाबूत आहे. बोगद्यातील एकही यंत्र उत्तर देत नाही. अण्णय्यांना आपल्याकडे धाडते आहे आणि दरवाजे उघडायला मी स्वतः जात आहे.